बसवराजच्या कमरेवरचा चौथा डाग

पोस्टिंगची ऑर्डर हातात पडली तेव्हा मला सुट्टीवरून परत येऊन चारच दिवस झाले होते. अरुणाचलमधली नदीकाठची पोस्ट. नाव सांगत नाही, सांगून तुम्ही काही तिकडं जाणार नाही. एक प्लाटून, एक सुभेदार साहेब आणि मी. मी मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, हवालदार वाघमारे, पलटणीला अटॅच. डॉक्टर, म्हणजे आरएमओ साहेब, बटालियन हेडक्वार्टरला. तिथपर्यंत चालत दीड दिवस. त्यामुळं पोस्टचा डॉक्टर मीच. गावाकडं फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. बंदूक माझ्याकडंही होती, पण माझं रोजचं काम थर्मामीटर, पायाच्या पट्ट्या आणि जुलाबाच्या गोळ्या. मुखेडच्या बाजारात एकानं मला तोंडावर विचारलं होतं, "मंग तू कंपाउंडरच की रे?" हाव, कंपाउंडरच. बाजारात भांडण कशाला करायचं.

पोस्टवर आमच्या बोलीचा दुसरा माणूस एकच. नायक बसवराज बिराजदार. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून त्याचं गाव. घरी आईशी कन्नड, माझ्याशी मराठी, बाकी सगळ्यांशी हिंदी. पलटणीतले कोल्हापूर-साताऱ्याचे जवान आमच्या बोलण्याला हसायचे. मी "काय करून राहिला?" म्हटलं की ते म्हणायचे, "आलं बघा मराठवाडा." बसवराज म्हणायचा, "हसू दे. त्यान्ला चटणी द्यायची न्हाई." चटणी म्हणजे त्याच्या आईची शेंगदाण्याची. अख्खी गल्ली त्या माउलीला अव्वा म्हणायची, मीही फोनवर अव्वाच म्हणायचो. प्रत्येक सुट्टीनंतर अव्वा त्याच्याबरोबर चटणीचा डबा द्यायची आणि फडक्यात बांधलेले आठ-दहा बिब्बे.

ज्यांना बिब्बा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळं, टणक फळ. दाभणानं टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं. पाठ दुखली, पाय मुरगळला, काटा मोडला, की ते तेल तिथं लावायचं. कातडी काळी पडते. मानवला तर ठणका जातो, नाही मानवला तर बिब्बा उततो, म्हणजे फोड येतात आणि अशी खाज सुटते की माणूस बेजार होतो. आमच्याकडं बिब्बा लावण्याची प्रत्येक म्हातारीची आपली तऱ्हा असते. माझी आजी ठिपके द्यायची. अव्वा फुली मारायची. बसवराज आईचं बघून शिकलेला, तोही फुलीच मारायचा.

पोस्टचं रुटीन ठरलेलं. ०४३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात उभं राहणं. तिकडं उजाडतंच तेवढ्या लवकर. ०६०० चहा, ०७०० फील्ड ऑफ फायर साफ करणं, म्हणजे पोस्टसमोरचं गवत आणि झुडपं कापणं. ती जमीन कधीकाळी कुणाचं तरी शेत होती. पडीक पडल्यावर कमरेएवढं गवत माजलं होतं आणि गवतात उंदरांचं राज्य. घुशी, चिचुंदऱ्या, रानउंदीर, खारी. कुकहाऊसच्या मागं तर घुशींनी बांधावर बिळांची रांगच लावली होती. बसवराजचा त्यांच्यावर राग होता, कारण एका घुशीनं त्याच्या चटणीच्या डब्याचं झाकण कुरतडलं होतं. तो दुपारचा वेळ मिळाला की सापळे लावत बसायचा. गवतातच मांडी घालून.

त्याच सुमाराला आरएमओ साहेब व्हिजिटला आले. त्यांनी सापळ्यातला एक उंदीर चिमट्यानं धरून सगळ्यांना त्याचा कान दाखवला. कानात नारिंगी भुकटी लागल्यासारखं दिसत होतं. साहेब म्हणाले, ती भुकटी नाही, किडे आहेत. माईट. गोचिडाच्या कुळातला, पण सुईच्या टोकापेक्षा लहान. उंदराला त्यानं काही होत नाही. उंदीर त्याला रानभर फिरवतो, गवतात सोडतो, आणि तिथं माणूस बसला की किडा त्याच्या अंगावर चढतो. चावला तर स्क्रब टायफस.

बसवराज मागून बोलला, "म्हंजी उंदीर यष्टी, आन किडा पाशिंजर."

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेब हसले. "बिल्कुल. और पैसेंजर उतरता कहां है? जहां कपड़ा टाइट है. कमर, जांघ, बगल. काला दाग पड़ेगा, जैसे सिगरेट से जला हो. दुखता नहीं. ये याद रखो, दुखता नहीं." मी वहीत लिहून घेतलं आणि 'दुखत नाही' याच्याखाली दोन रेघा मारल्या. ती वही माझ्याकडं अजून आहे.

इलाज साधा. डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल. माझ्या पेटीत दोन पाकिटं होती.

त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी बसवराजला ताप आला. पहिल्या दिवशी १०२. डोकं फुटायची वेळ, डोळे लालभडक, अंग मोडून आलेलं. मलेरियाची टेस्ट केली, निगेटिव्ह. तिकडं टेस्ट निगेटिव्ह येऊनही मलेरिया निघतो, म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत केली. परत निगेटिव्ह. पॅरासिटामोल, पाणी, आराम. तिसऱ्या दिवशी ०७१५ ला आरएमओ साहेब वायरलेस सेटवर आले.

"मरीज की हालत बताओ. ओव्हर."

"फीवर १०३, सर. तीसरा दिन. टेस्ट दो बार निगेटिव्ह. ओव्हर."

"पूरी बॉडी देखो. काला दाग है क्या? सिगरेट जैसा? ओव्हर."

"वेट, आउट," म्हणालो आणि बंकरमध्ये गेलो. बसवराजचा शर्ट वर केला, पँट सैल केली, काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. कमरेवर उजव्या बाजूला बिब्ब्याच्या तीन फुल्या होत्या. ताप यायच्या आधी गवत कापून कमर धरली म्हणून त्यानं लावलेल्या. त्यांच्या खाली चार बोटांवर, बेल्ट बसतो तिथं, चौथा डाग. गोल, काळा, कडेनं लाल.

"हे काय रे?"

"बिब्बा की."

"खाली कसा?"

"वघळलं असंल तेल."

मी डाग दाबला. "दुखायलंय?"

"न्हाई."

आता नीट ऐका. बिब्बा उतला की माणूस हात लावू देत नाही. हे मला लहानपणापासून माहीत. साहेबांनी सांगितलेलं माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत, दोन रेघांसकट. तरीपण मी बघितलं आणि मला बिब्बाच दिसला, कारण बिब्बा मी जन्मल्यापासून बघत आलो. दुसरा कुणी नर्सिंग असिस्टंट असता, केरळचा, पंजाबचा, त्यानं विचारलं असतं हे काय आहे. त्यानं निदान सेटवर सांगितलं असतं की काळे डाग आहेत, चार आहेत. मला विचारायची गरज वाटली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच.

सेटवर परत आलो.

"नो ब्लॅक मार्क, सर. निगेटिव्ह. ओव्हर."

"पक्का?"

"पक्का, सर."

"ठीक है. मलेरिया का कोर्स शुरू करो. मौसम खुले तो हेली मांगेंगे. आउट."

मौसम खुलला नाही, हेलिकॉप्टर आलं नाही. ढग नदीवर उतरून बसले होते. पाचव्या दिवशी त्याला खोकला लागला. सहाव्या दिवशी तो मला ओळखेना. कन्नडमध्ये आईशी बोलत होता. सुभेदार साहेब म्हणाले, "वाघमारे, अब पैदल." सातव्या दिवशी ०५४० ला आम्ही स्ट्रेचर उचललं. आठ जण, आळीपाळीनं चार. वाट चिखलाची, एका बाजूला उतार. मी त्याच्या डोक्याशी चालत होतो, सलाईनची बाटली वर धरून. बाराच्या सुमाराला त्याचा श्वास घरघरायला लागला. १४१० ला थांबला. मी पाऊण तास छाती दाबली. सुभेदार साहेबांनी माझे हात धरून बाजूला केले. माझ्या पाठीवरच्या पिशवीत डॉक्सीची दोन्ही पाकिटं तशीच होती.

हेडक्वार्टरला पोचलो तेव्हा आरएमओ साहेबांनी त्याला तपासलं. कमरेपाशी थांबले.

"ये क्या है?"

"बिब्बा, सर. देसी दवा. ऊपर के तीन..."

"ऊपर के तीन. और ये?"

साहेबांनी हातमोजा काढला. आवाज चढवला नाही. "ये दवा नहीं है, वाघमारे. तुमने सेट पे निगेटिव्ह बोला था."

"यस, सर."

साहेब तिथंच स्टुलावर बसले. नंतर मला कधी कुणी काही विचारलं नाही. कागदावर स्क्रब टायफस लिहिलं गेलं. इंग्रजीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

त्याच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं, गावाकडचा म्हणून. विमानानं हैदराबाद, तिथून बिदरवरून गाडीनं निलंगा. गावाच्या वेशीवर पोरांनी 'शहीद' लिहिलेला बॅनर लावला होता. एकानं विचारलं, "कोणत्या चकमकीत हो?" मी म्हणालो, "ताप." त्याचं तोंड पडलं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. तापानं मेलेला फौजी काय उधारीचा फौजी असतो?

ती माणसं लिंगायत, त्यांच्यात माती देतात. त्याआधी आंघोळ घालायची म्हणून पेटी उघडली, शर्ट काढला. बाया मागं सरल्या, अव्वा सरली नाही. तिनं स्वतः पाणी घातलं. कमरेवरून हात फिरवताना थांबली.

"हे काळं काय रे?"

तिथं सांगायचं होतं. आठ शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "बिब्बा, अव्वा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मीच दिल्ते त्याला." एवढंच. तांब्या खाली ठेवला.

दहा दिवसांत गावात पक्कं झालं की बसवराजला बिब्बा उतला आणि त्याचं विष अंगात भिनलं. इंग्रजी कागद कुणी वाचला नाही. मी पुढं नाशिककडच्या पोस्टिंगवर गेलो, मग पेन्शन घेऊन मुखेडला आलो. दर दिवाळीला मी अव्वाला फोन करायचो. दरवेळी ती एकदा तरी म्हणायची, "माझ्या हातानं गेला रे लेकरू." आणि मी म्हणायचो, "असं बोलू नका, अव्वा." त्याच्या पुढचं वाक्य माझ्या तोंडातून नऊ वर्षं निघालं नाही. सीमेवर भ्यालो नव्हतो, त्या म्हातारीच्या फोनला भीत होतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या शेजारची सुनीता तापानं पडली. बांधावरचं गवत कापायला जायची. सात दिवस झाले, दोन सलाइनी झाल्या, ताप हलेना. मी बाहेरूनच विचारलं, "अंगावर कुठं काळं काय उठलंय का?"

तिची सासू म्हणाली, "बिब्बा उतलाय, फौजी भाऊ. पाठ दुखायली म्हणून मीच लावला."

मी चहा खाली ठेवला. "किती ठिपके लावले, काकू?"

"दोन."

मी बायकोला, रेखाला, आत पाठवलं. "नाडा बांधतात तिथं बघ. काखेत बघ. डाग मोज."

रेखा आत गेली. दोन-तीन मिनिटांत बाहेर आली. "तीन हायत हो. एक नाड्याखाली. दाबलं तरी दुखत न्हाई म्हणती."

"गाडी काढा," मी ओरडलो. सासू म्हणायला लागली की उपासाचा गुरुवार आहे, उद्या जाऊ. मी तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही. रेखानं नंतर तिची माफी मागितली. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मी तिला डाग आधी सांगितला, ताप नंतर. तिनं बघितलं आणि रिपोर्टची वाट न बघता कॅप्सूल चालू केल्या. तिसऱ्या दिवशी सुनीता उठून बसली, चहा मागितला, आणि त्यात साखर कमी म्हणून सासूशी भांडली.

घरी आल्यावर रेखानं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "मंग त्या माउलीला सांगा की."

मी तिच्यावर खेकसलो. सांगून काय पोरगा परत येणार आहे का, वगैरे. सकाळी मी उठलो तेव्हा तिनं भाकरी बांधून ठेवली होती. मुखेडहून उदगीर, उदगिरातून निलंगा, तिथून जीप. दुपारी दोनला अव्वाच्या दारात.

अव्वा वाकली होती, पण कान शाबूत. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, "यप्पा, वाघमाऱ्या! किती वाळलास रे." पाणी दिलं. एक बाई पाय धरून आली, काटा मोडला म्हणून बिब्बा मागत. अव्वा म्हणाली, "मी लावत न्हाई आता. तुला ठाव हाय की." ती बाई नवीन सून असावी. तिला ठाऊक नव्हतं. ती गेली.

मी उभा राहिलो. बसून बोलता येईना. सगळं क्रमानं सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. उंदीर, किडा, गवत, तिसरा दिवस, ०७१५, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, पिशवीतली पाकिटं. "बिब्ब्यानं न्हाई गेला, अव्वा. तुमच्या हातानं न्हाई. कसूर माझी हाय. मी डाग बघितला आणि बिब्बा म्हणालो. तिकडंबी, आणि इथंबी, तुमच्यासमोर."

अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नऊ वर्सं?" ती म्हणाली. "नऊ वर्सं, वाघमाऱ्या? दर दिवाळीला मी तुला म्हणत हुते की रे! तुझ्या तोंडाला काय झालं हुतं?" तिनं सूप ढकललं. शेंगा अंगणभर झाल्या. ती उठून आत गेली आणि दार लोटलं.

मी शेंगा गोळा केल्या. मग तिथंच उभा राहिलो. स्टँड-डाऊन मिळाल्याशिवाय जागा सोडायची नसते, एवढं एक फौजेनं शिकवलंय. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. तासाभरानं दार उघडलं.

"दाव," अव्वा म्हणाली. "कुठं हुतं?"

मी शर्ट वर केला. माझ्या कमरेवर बोटानं दाखवलं. "एक, दोन, तीन. आणि हा इथं, खाली."

तिनं तिचं बोट त्या चौथ्या जागेवर ठेवलं. थंडगार बोट. बराच वेळ उचललं नाही.

"ती फुली न्हवती," ती म्हणाली. "गोल हुतं. पाणी घालताना मी बगितलं. मला वाटलं तापात लेकराचा हात थरथरला, त्याला फुली बी मारता आली न्हाई. रोज ती मोडकी फुली डोळ्याम्होरं येती माझ्या." मग तिनं माझ्या कमरेवर वरच्या तीन जागी बोट टेकवलं, एकेक करून. "ह्या तीन माझ्या. त्यो माझा न्हाई."

"न्हाई, अव्वा. तुमचा न्हाई."

"तुला माफ केलं म्हणणार न्हाई मी."

"म्हणू नका, अव्वा."

"त्या पोरीला हाक मार. काटावालीला. लांब गेली नसंल."

मी रस्त्यावर पळत गेलो आणि त्या बाईला परत आणलं. अव्वानं कोनाड्यातून दाभण काढलं, शेजारून बिब्बा मागवला, दिव्यावर धरला. बाईच्या टाचेवर फुली मारली. हात जरा कापत होता, पण फुली सरळ आली. मग तिला म्हणाली, "एकच लावलाय. ध्यानात ठेव. ताप आला आन अंगावर दुसरा काळा डाग दिसला, तर बिब्बा उतला म्हणून घरात बसू नको. दवाखान्यात जा."

संध्याकाळी आम्ही दोघं शेतात गेलो. त्याला माती दिलेल्या जागी आता चौथरा आहे, बेलाचं रोप आहे. मी सॅल्यूट केला. अव्वा रोपाला पाणी घालत होती.

नायक बसवराज बिराजदार. राहणार निलंगा तालुका. वय एकतीस. सापळ्यांत हुशार, चटणीत कंजूष. सातव्या दिवशी १४१० ला, हेडक्वार्टरच्या वाटेवर. अंगावर ओळखीच्या खुणा: कमरेला उजव्या बाजूस तीन फुल्या, आणि त्यांच्या खाली एक गोल डाग, जो मी बघितला होता.